बंदुकांचा हिशेब कोण मांडणार?

9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांना ठार मारण्यात आले. त्यांना गोळी घातली नव्हती, अमानुष मारहाण केली होती. पण त्या प्रकरणाने आपल्या जिल्ह्याचे झाकलेले पुष्कळ काही उघडे पडले. त्यातलेच एक म्हणजे बंदुकांचे परवाने. बीड जिल्ह्यात ते 1,200 च्या वर निघाले. ज्यांच्यावर गुन्हे दाखल, अशांच्याही कमरेला परवान्याचे पिस्तूल! त्याच वर्षी जूनमध्ये परळीत मरळवाडीचे सरपंच बापू आंधळे यांची गोळ्या झाडून हत्या झाली होती.

2025 साली प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले. बरे झाले. पण हे परवाने कोणत्या तालुक्यात, कोणत्या साली, कोणती कारणे दाखवून वाढले? गोळी लागून जखमी झालेल्यांत परवान्याच्या बंदुकीचे किती आणि गावठी कट्ट्याचे किती? वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला 2019 च्या कायदा दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ती शिक्षा किती जणांना झाली? हे सारे कोणीतरी मोजले पाहिजे, आणि ज्या कचेरीने परवाने वाटले तिच्याकडेच ते काम देऊन भागणार नाही.

वाचकहो, मोजल्याने काय होते असे कोणी म्हणेल. आपल्या ऊसतोड भगिनींचेच उदाहरण घ्या. बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, हे वाड्यावस्त्यांवर सर्वांना ठाऊक होते, पण सरकारदरबारी ते बोलणे म्हणजे कुजबुज होती. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे पाहणी आली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली! आकडा पुढे आला तेव्हा विधिमंडळाला दखल घ्यावी लागली.

बंदुकीच्या बाबतीत अमेरिकेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथे 1993 साली सरकारी पैशातून झालेल्या एका अभ्यासात दिसले की, ज्या घरात बंदूक असते त्या घरात खून होण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट असतो, आणि मारणारा बहुधा घरचा किंवा ओळखीचाच असतो. संरक्षणासाठी आणलेली वस्तू घरच्याच बाईवर उलटते, हे आमच्या माताभगिनींनी ध्यानात ठेवावे. बंदूकवाल्यांना हे झोंबले. 1996 साली जे डिकी नावाच्या खासदाराने कायद्यात एक वाक्य घुसडले आणि संशोधन करणाऱ्या आरोग्य खात्याचे 26 लाख डॉलर कापले गेले. आदल्या वर्षी बंदुकीच्या अभ्यासावर नेमकी तेवढीच रक्कम खर्च झाली होती! वीसेक वर्षे अभ्यासक गप्प बसले. पुढे 2012 साली त्याच डिकीने जाहीरपणे लिहिले की संशोधन व्हायला हवे. मोटारी बंद न करता अपघाती मृत्यू कमी झाले ते अभ्यासामुळेच. 2019 च्या डिसेंबरात तिथल्या संसदेने अडीच कोटी डॉलर मंजूर केले. मधली वर्षे वाया गेली ती गेलीच.

आपल्याकडे घटना घडली की चौकशी होते. 11 जुलै 1997 च्या रमाबाई नगर गोळीबारात दहा जण गेले, तेव्हा गुंडेवार आयोग बसला. पण आयोग एका दिवसाची चौकशी करतो. वर्षानुवर्षांच्या गोळ्यांचा हिशेब ते काम नव्हे.

आम्ही कारकून माणसे, आम्हाला वह्याच दिसतात. परवान्यांची वही जिल्हाधिकारी कार्यालयात. शस्त्र कायद्याच्या गुन्ह्यांची ठाण्यात. गोळी लागलेला माणूस दवाखान्यात आला की त्याची नोंद पोलीस केस म्हणून तिथल्या वहीत. या तिन्ही वह्या शेजारी ठेवून, नावे झाकून, दहा वर्षांचा ताळा घ्यायला कितीसा खर्च येणार? अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, संभाजीनगरला बाबासाहेबांच्या नावाचे विद्यापीठ आहे. डॉक्टर आहेत, समाजशास्त्राचे विद्यार्थी आहेत. जिल्हा नियोजन समिती रस्ते, नाल्या आणि सभामंडपांना पैसे देते, तिने एका रस्त्याच्या तुकड्याइतके पैसे या अभ्यासाला द्यावेत. अहवाल मराठीत छापून ग्रामपंचायतीत लावावा, कारण बंदुकीचा धाक ज्याच्या घरात बंदूक नाही त्यालाच असतो. साक्ष द्यायला उभा राहायचा तो मजूर, आणि समोरच्याच्या कमरेकडे बघून मान खाली घालायची तीही त्यानेच.

आपल्या भागातील जिल्हा परिषद सदस्य आणि आमदारांना याबाबत लेखी निवेदन द्या. पोच घ्यायला मात्र विसरू नका.