बारा आण्यांचा मसाला

शब्दकोशकारांना दरवर्षी एखाद्या शब्दाला मानाच्या पाटावर बसवण्याची हौस असते. २००८ साली ऑक्सफर्डच्या अमेरिकन कोशाने हा मान ‘हायपरमाईल’ या क्रियापदाला दिला. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरांच्या वर गेले होते आणि ते थेंबाथेंबाने वाचवणाऱ्यांचा एक पंथच तिकडे निघाला होता. शब्दांवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्याने या नव्या पाहुण्याची विचारपूस करावी, हे ओघानेच आले.

या पंथातले कडवे लोक गाडीचे काय काय करतात! हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५० किलोमीटरऐवजी १०० ने गेलात, तर तो दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून चाकांवर झाकणे बसवायची, पुढची जाळी झाकायची, गाडीच्या पोटाखाली सपाट पत्रा मारायचा, मागे होडीसारखे निमुळते शेपूट जोडायचे. वजन घटावे म्हणून मागची सीट काढायची आणि जादा चाकही घरी ठेवायचे. यातले शास्त्र खोटे नाही. गाडी खरोखरच कमी पेट्रोल पिते. प्रश्न आहे तो हिशेबाचा.

गाडी घेताना आपण सारे विचारतो, “ॲव्हरेज किती देते?” फसगत आहे ती या प्रश्नातच. समजा, तुमची गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर धावते. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी २० देऊ लागली, तर वर्षाला ५०० लिटर वाचतात. विसाचे तीस केलेत, तर १६७. तिसाचे चाळीस केलेत, तर ८३. आणि मोठ्या खटपटीने चाळिसाचे पन्नास केलेत, तर अवघे ५०! ॲव्हरेजचा आकडा दर वेळी तेवढ्याच दहांनी वाढतो, पण पदरात पडणारे माप मात्र आटत जाते. खर्चाची तऱ्हा नेमकी उलटी. पहिले दहा स्वस्तात मिळतात, शेवटच्या दहांसाठी गाडीचा सांगाडाच बदलावा लागतो.

हा सांगाडा एका बड्या कारखान्याने खरोखरच बदलून पाहिला. फोक्सवॅगनने २०१३ साली ‘एक्सएल१’ नावाची दोन माणसांची गाडी काढली. अंग कार्बन तंतूंचे, वजन ७९५ किलो, मागची चाके झाकलेली, आरशांऐवजी कॅमेरे. डिझेल व वीज अशा दुहेरी शक्तीवर चालणारी ही गाडी कंपनीच्या मापाने १०० किलोमीटरला ०.९ लिटर डिझेल घेई. गाड्या केल्या २५०, आणि किंमत एक लाख युरोंहून अधिक. आता लिटरला २० किलोमीटर देणारी साधी गाडी वर्षाला ५०० लिटर पिते. भाव दोन युरो असा चढा धरला, तरी वर्षाचे हजार युरो झाले. साध्या गाडीच्या किमतीचे वीस हजार वजा करा. उरलेल्या रकमेत ती ऐंशी वर्षे चालेल! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो हाच. प्रयोग म्हणून त्याला आमचा नमस्कार. संसाराला तो परवडायचा नाही.

पैशांपुरतेच असते, तर सोडून दिले असते. पण कडवे काटकसरी इंजिन बंद करून उतार उतरतात, वाऱ्याचा आडोसा मिळावा म्हणून ट्रकच्या पाठीला चिकटतात. आपल्याकडेही खंडाळ्याचा घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे शहाणे आहेतच. इंजिन बंद झाले, की एकदोनदा दाबल्यावर ब्रेक जड होतो, स्टिअरिंगही हट्टाला पेटते. शिवाय यात बचतही नाही. हल्लीच्या गाडीत गिअर घातलेला असून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, की उतारावर इंजिनाचे पेट्रोल आपोआप तुटते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते जळतच राहते! आणि गाडीच्या मूळ रचनेत मनाला येतील ते फेरफार करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते, हेही ध्यानात असू द्या.

मग वाचवायचेच नाही का? जरूर वाचवावे. टायरमधली हवा बरोबर ठेवावी, टपावरचा रिकामा कॅरिअर उतरवावा, फाटकापाशी इंजिन बंद करावे, वेग बेताचा ठेवावा आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पायी जावे. याला खर्च जवळजवळ काहीच नाही.

आमच्या घरातल्या गृहिणींना हे कुणी शिकवावे लागत नाही. दिवाळीच्या फराळात त्या तेल मोजून घालतात, उरलेले गाळून फोडणीला ठेवतात. पण तेल वाचावे म्हणून कुणी चकली कच्ची काढल्याचे ऐकिवात नाही. चकली खाण्यासाठी आहे, तशी गाडी घरच्या माणसांना सुखरूप नेण्या-आणण्यासाठी आहे. मागची सीट काढून पेट्रोल वाचेल खरे. पण आजीला बसवायचे कुठे?