वर्कअराउंड ही शिवी नाही

आपल्या क्षेत्रात 'वर्कअराउंड' हा शब्द जरा नाक मुरडूनच उच्चारतात. खरं फिक्स जमलं नाही म्हणून मारलेलं ठिगळ! मला हे अजिबात पटत नाही. माझा पुरावा पृथ्वीभोवती फिरतोय.

२३ जुलै १९९९ ला 'चंद्रा' ही क्ष-किरण दुर्बीण अवकाशात गेली (आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाची). मुख्य कॅमेऱ्यात १० सीसीडी चिप्स. सप्टेंबरपर्यंत त्यातल्या ८ खराब! दुर्बीण व्हॅन ॲलन पट्ट्यांतून जाताना तिचेच आरसे क्ष-किरणांसारखे कमी ऊर्जेचे प्रोटॉनही चिप्सवर आणून सोडत होते. या ८ चिप्समध्ये विद्युतभार वाहून नेणारा थर आरशाकडच्या पृष्ठभागालगत होता. प्रोटॉन नेमके तिथेच थांबले आणि सिलिकॉनच्या जाळीत खड्डे पडले. उरलेल्या दोन चिप्स उलट्या बसवल्या होत्या, म्हणून वाचल्या.

खड्ड्यांनी काय होतं? विहिरीपासून हातोहात बादल्या द्याव्यात तसे सीसीडीत इलेक्ट्रॉन पिक्सेलमधून पिक्सेलमध्ये सरकवतात. प्रत्येक खड्ड्यात थोडे अडकतात. हजारेक ओळी ओलांडून आलेली बादली अर्धवट भरते. आणि इलेक्ट्रॉन किती, यावरूनच तर क्ष-किरणाची ऊर्जा मोजायची असते.

चिप बदलायला जाणार कोण? ही कक्षा १ लाख किलोमीटरच्याही पलीकडे जाते, शटल तिथे पोचूच शकत नव्हतं. मग नियम केला: पट्टे आले की कॅमेरा आरशांच्या समोरून बाजूला सरकवायचा. जानेवारी २००० पासून चिप्स उणे १२० अंशांवर ठेवल्या. थंडीत अडकलेला इलेक्ट्रॉन लवकर सुटत नाही, खड्डा भरलेलाच राहतो, मागून येणारे बिनधास्त पुढे जातात. (काय डोकं आहे!) राहिलेली गळती पेन स्टेट विद्यापीठातल्या मंडळींनी सॉफ्टवेअरने हिशोबात धरली. डिसेंबर १९९९ मध्ये गेलेली युरोपची एक्सएमएम-न्यूटन तर पट्ट्यांत कॅमेऱ्यांसमोर झाकणच ओढून घेते.

याला ठिगळ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. माझ्या मते बिघाडाचं कारण मुळापासून कळल्याशिवाय असलं ठिगळ मारताच येत नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे मार्च २०२४. तेव्हा नासाच्या अंदाजपत्रकात चंद्राच्या पैशाला मोठी कात्री सुचवली गेली. कारण काय दिलं, तर दुर्बीण झिजतेय, तापमान आटोक्यात ठेवायला सतत लक्ष द्यावं लागतं. अहो, डोळ्यात तेल घालून जपणं तर पहिल्या सप्टेंबरपासूनच सुरू आहे!