रंग साफ हवा म्हणणाऱ्यांना

गेल्या आठवड्यात आमच्या भाटघर-भोरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. आजकालच्या पोरी नट्टापट्ट्याच्या नादात किडन्या घालवून बसतात, असा. पुढे पाठवणारे सगळे पुरुष, सगळे ओळखीचे. त्यातल्या दोघांच्या घरी मुलगी बघण्याच्या बैठकीला मी स्वतः बसलेली आहे, म्हणून हे लिहिते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. नाव सांगत नाही. तिचं लग्न जमत होतं तेव्हा मुलाची आई सगळ्यांसमोर म्हणाली, "लडकी अच्छी है, पढीलिखी है, बस रंग जरा दबता है." कुणी काही बोललं नाही. मीही नाही. पुढच्या आठवडे बाजाराला तिची अम्मी भोरला गेली आणि एका दुकानातून क्रीमची गोल डबी घेऊन आली. पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळला आणि घरात आनंद झाला. तिसऱ्या महिन्यात पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. तपासणीत लघवीतून प्रथिनं जात असल्याचं निघालं.

डबी मी मागवून घेतली. कारखान्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, आत काय आहे त्याची यादी नाही. एक सूचना मात्र होती: सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका. चेहऱ्याला चालतं आणि अंगठीला चालत नाही, असं काय असेल? सोन्याला पारा लागला की सोनं पांढरं पडतं, कुठल्याही सोनाराला विचारा. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनसुद्धा अशी सूचना ही पाऱ्याची खूण असू शकते, असं सांगतं. ती डबी आता पुण्याच्या डॉक्टरांकडे आहे, अहवाल यायचा आहे.

आपल्या त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे येतो. ते तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं विकर लागतं. पारा त्या विकराचं काम अडवतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण पारा चेहऱ्यावर थांबत नाही. कातडीतून रक्तात जातो, मूत्रपिंडात साचतो, तिथली गाळणी बिघडवतो. टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यातून तो घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोचतो, ज्यांनी क्रीमला हातही लावलेला नसतो.

हे केवळ आमच्या गावातलं नाही. अकोल्यात एक बायोटेक्नॉलॉजीची विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा तिघींची मूत्रपिंडं एकाच क्रीमनं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत प्रकरण गेलं, क्रीममध्ये पारा सापडला, 2023 मध्ये बातम्या आल्या. शिकलेली मुलगी होती ती, तेही विज्ञान! केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळातले मूत्रपिंडाच्या एकाच आजाराचे 22 रुग्ण तपासले. त्यातल्या 15 जणांत आजाराचा एक विशिष्ट प्रकार निघाला आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीम लावत होते. वेळीच क्रीम बंद केली तर बहुतेक जण सावरतात, एवढा दिलासा आहे.

'बाहेरचा माल आहे, चांगलाच असणार' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. 2019 मध्ये पाकिस्तानच्या सरकारनंच तिथल्या 59 क्रीम तपासल्या, तर 56 मध्ये पारा मर्यादेबाहेर होता. ती मर्यादा म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. आपल्याकडेही 2020 च्या नियमांत तीच आहे. पण डबीवर पत्ताच नसेल तर नियम कुणाला लावणार?

पारा नसला तरी सुटका नाही. मोमेटासोन हे स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण असलेली ट्यूब खरं म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर, काही आठवड्यांपुरती वापरायची. बायका ती वर्षानुवर्षं पावडरीसारखी लावतात. कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसतात, आणि ट्यूब सोडली की चेहरा पेटतो, म्हणून परत लावतात. (काळी मेहंदीही त्यातलीच. खऱ्या मेहंदीचा रंग तांबूस-तपकिरीच असतो. झटपट काळा रंग देणारं पीपीडी हे केसांच्या कलपातलं रसायन आहे, आणि नवरीच्या हाताला त्यानं फोड येतात.)

तर मेसेजवाल्यांनो, नट्टापट्टा कुणी केला? त्या पोरीनं आयुष्यात लिपस्टिक लावलेली नाही. हज्जतुल विदाच्या खुतब्यात गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही असं सांगितलं गेलं, ते तुम्ही जुम्म्याला मान डोलावून ऐकता, आणि इतवारी फोटो बघून विचारता, "रंग कैसा है?" दुकानदाराला मी सोडत नाही, तक्रार दिली आहे. पण त्याच्याकडे गिऱ्हाईक तुम्ही पाठवलंत. बैठकीत गप्प बसून मीही पाठवलं.

क्रीम बंद होऊन दीड महिना झाला. पायाची सूज उतरली आहे, लघवी दर पंधरा दिवसांनी तपासतात. रंग पुन्हा पहिल्यासारखा झाला. परवा मुलाच्या आईचा फोन आला होता. तब्येतीचं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "निकाह के पहले थोडा साफ हो जाएगा ना?" ह्या वेळी फोन माझ्या हातात होता. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. निकाह होईल की नाही, ते अजून ठरलेलं नाही.