इंग्रजी पहिलीपासून, मग बोलताना का अडतं? समजून घ्या ३५ सेकंदांचं गणित

लेखी चाचणी पास, कोडिंगची फेरीही पास. पण मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ असं विचारलं की घशाला कोरड पडते. कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवसांत मराठी माध्यमातून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांचा हा अनुभव. बारा वर्षं इंग्रजी शिकूनही असं का होतं? आणि त्यावर उपाय काय?

हा प्रश्न आता का?

पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून २०२५ मध्ये राज्यात मोठा वाद झाला. १६ एप्रिल आणि १७ जूनचे दोन्ही शासन निर्णय सरकारने २९ जूनला मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचं जाहीर केलं. या वादात तिसरी भाषा गाजली, पण आधीपासून शिकवल्या जाणाऱ्या इंग्रजीचं काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. राज्यातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तेव्हा पहिलीत बसलेली मुलं आज तिशीत आहेत.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे देशभरात जेमतेम २.६ लाख होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी येते असं सांगणारे मात्र सुमारे १२.९ कोटी. म्हणजे आपल्याकडे इंग्रजी घरातून मिळत नाही, ती शिकावीच लागते.

‘असर २०२३’ अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटातल्या मुलांची चाचणी घेण्यात आली. त्यातल्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली. वाचू शकणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अर्थही सांगता आला. ही झाली वाचनाची स्थिती. बोलणं त्यात मोजलंच नव्हतं.

अडचण नेमकी कुठे?

साधा हिशेब करू. वर्गात ६० विद्यार्थी, तास ३५ मिनिटांचा. शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत आणि प्रत्येकाला पाळीपाळीने बोलू दिलं, तरी एकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. वर्षाला २०० तास धरले तर दोन तासांपेक्षाही कमी. प्रत्यक्षात तेवढंही मिळत नाही, कारण बोलतात ते शिक्षक आणि पुढच्या बाकावरची चार मुलं.

परीक्षेचा कलही लिहिण्याकडेच. दहावीला इंग्रजीचे ८० गुण लेखी परीक्षेचे. उरलेले २० शाळेच्या हाती, आणि तोंडी परीक्षा म्हणजे बऱ्याचदा पाठ केलेला उतारा म्हणून दाखवणं.

ऐकून ऐकून बोलता येत नाही का?

पूर्णपणे नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा मेरिल स्वेन यांनी अभ्यास केला. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्या मुलांना समजत उत्तम होतं, पण बोलण्या-लिहिण्यात ती मागे होती. १९८५ मध्ये स्वेन यांनी मांडलं की भाषा ऐकण्याइतकीच ती स्वतः वापरावीही लागते. सायकलचे व्हिडिओ बघून तोल सांभाळता येत नाही, तसंच हे.

मराठीत विचार केल्याने काय होतं?

मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्यानंतर लगेच. ‘मी काल मित्राबरोबर पुण्याला...’ इथपर्यंत मराठीत क्रियापद लागतच नाही. इंग्रजीत मात्र ‘आय’ म्हटल्याबरोबर ‘वेंट’ लागतं. मनातलं वाक्य शब्दाला शब्द लावून उलटवायला गेलं की दुसऱ्याच शब्दाला गाडी थांबते. ‘मला समजतंय’चं ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ होतं तेही यामुळेच.

उच्चारांचं म्हणाल, तर मराठी वळण हा दोष नाही. शब्दात जोर कुठे द्यायचा, हे मात्र पाहायला हवं. ‘डेव्हलप’मध्ये आपण पहिल्या अक्षरावर जोर देतो, इंग्रजीत तो दुसऱ्यावर असतो. जोर चुकला की ओळखीचा शब्दही समोरच्याला अनोळखी वाटतो.

मग करायचं काय?

* ४-३-२ पद्धत : एकाच विषयावर आधी चार मिनिटं बोला, मग तेच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. दर वेळी ऐकणारा बदलला तर उत्तम. विषय तोच असल्याने काय बोलायचं याची चिंता मिटते आणि वेग वाढतो.
* तुकडे पाठ करा, उत्तरं नको : ‘आय यूज्ड टू’, ‘व्हॉट आय मीन इज’ असे तयार तुकडे जिभेवर असले की पुढचं सुचायला वेळ मिळतो.
* रेकॉर्ड करा : स्वतःचं बोलणं ऐका, एकच चूक निवडा आणि पुन्हा बोला.
* एआयशी बोला, पण सांगून : चॅटबॉट हसत नाही, कंटाळत नाही. मात्र मोडकंतोडकं बोललेलंही तो समजून घेतो आणि पुढे जातो. त्यामुळे ‘प्रत्येक उत्तरानंतर माझी एक चूक सांग’ अशी सूचना आधीच द्या. गटचर्चेत मध्येच तोडून बोलण्याची सवय मात्र माणसांतच होते.

‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी’च्या जाहिराती पाहिल्यावर फी भरण्याआधी एकच विचारा : बॅचमध्ये किती जण, आणि मला रोज किती मिनिटं बोलायला मिळणार?

शाळा काय करू शकते?

पुन्हा तोच हिशेब. ६० मुलांच्या ३० जोड्या करा आणि दहा मिनिटं द्या. प्रत्येकाला पाच मिनिटं, म्हणजे ३०० सेकंद मिळतात. वर्षाला १६ तासांहून जास्त. जादा शिक्षक नको, संगणक नको. वर्गात गोंगाट होईल, तो चालवून घ्यावा लागेल.

हे शाळेत झालं नाही, तर बोलण्याचा सराव विकतच घ्यावा लागतो. ज्यांना तो परवडत नाही, त्यांच्यावर गुणपत्रिकेत ८० गुण असूनही मुलाखतीच्या खोलीत गप्प बसायची वेळ येते.