रात्रीचं जेवण, विकतचं सामान आणि तुमचं ब्लडप्रेशर

"डॉक्टर, आम्ही बाहेरचं काहीच खात नाही. सगळं घरचंच!" ब्लडप्रेशर किंवा शुगर तपासायला आलेले अनेक जण हे वाक्य अभिमानाने सांगतात. ज्या घरात विकतच्या पोळ्या, इडलीचं तयार पीठ किंवा फ्रोझन मटार येतात, त्या घरची बाई मात्र ही गोष्ट खाली मान घालून सांगते, जणू काही गुन्हाच केला.

माझं मत स्पष्ट आहे. विकतचं सामान वापरून केलेलं रात्रीचं जेवण वाईट नसतं. "घरचं की बाहेरचं?" या प्रश्नाने तब्येतीचं काहीच कळत नाही. ताटात डाळ आणि भाजी किती, मीठ, मैदा आणि तेल किती, हे विचारलं तर कळतं.

"ताजं, घरचं खा" हा सल्ला अर्धवट आहे

आपल्या कामठीतली किती तरी माणसं रोज नोकरीसाठी नागपूरला जातात. घरी यायला साडेसात-आठ वाजतात. त्यानंतर भाजी निवडायची, मसाला वाटायचा, कणीक मळायची, पोळ्या लाटायच्या. जेवायला दहा वाजतात. मधल्या वेळात भूक लागली की फरसाणाचा डबा उघडतो, नाहीतर नूडल्स होतात.

हे सगळं काम कोण करतं? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. म्हणजे आम्ही डॉक्टर जेव्हा "घरचं ताजं खा" एवढंच सांगतो, तेव्हा पेशंट एक असतो आणि गोळीची किंमत दुसरीच व्यक्ती चुकवते. जो सल्ला रोज पाळता येत नाही, तो चार दिवसांत सुटतो. त्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांत होणारं आणि रोज जमणारं साधं जेवण केव्हाही चांगलं.

आजीसुद्धा शॉर्टकट वापरत होती

आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं पडतात. सांडगे, कुरडया, पापड, मुगवड्या, शेवया. ती कशासाठी? पुढे भाजी मिळाली नाही किंवा वेळ नसला, तर डबा उघडून जेवण उभं करता यावं म्हणून. बेसनाचा झुणकाही तसाच: पीठ तयार, कांदा चिरला की दहा मिनिटांत जेवण.

हे काम घराबाहेर जाऊनही बराच काळ झाला. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. विकतचा पापड ताटात वाढणाऱ्या बाईला कोणी आळशी म्हणत नाही. मग विकतच्या पोळीवरच नाक का मुरडायचं?

गंमत अशी की तब्येतीच्या हिशोबाने उलटंच आहे. आपल्याला "घरचा" वाटणारा पापड आणि लोणचं हे ताटातले सर्वांत खारट पदार्थ. पापडात मीठ असतंच, वर पापडखार असतो, आणि सोडियम दोन्हींतून येतं. ज्यांच्याकडे आपण संशयाने बघतो त्या साध्या फ्रोझन मटारमध्ये बहुतेक वेळा मटारशिवाय दुसरं काही नसतं. तोडल्यावर लवकर गोठवल्यामुळे त्यांची जीवनसत्त्वं बऱ्यापैकी टिकतात.

मिठाचा हिशोब असा करा

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. यात भाजीतलं, कणकेतलं, लोणच्यातलं आणि पाकिटातलं सगळं मीठ आलं. ५ ग्रॅम मिठात सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम असतं.

पाकिटावर "मीठ" असा आकडा सहसा नसतो, "सोडियम" असा असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. समजा, एका पाकिटावर १०० ग्रॅममागे १२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे आणि तुम्ही ७० ग्रॅम खाल्लं. सोडियम झालं ८४० मिलिग्रॅम, म्हणजे २.१ ग्रॅम मीठ. दिवसाच्या कोट्यातलं ४२ टक्के मीठ एका बैठकीत संपलं, तेही पापड-लोणचं वाढण्याआधी.

मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो आणि हृदय व किडनी यांच्यावर ताण येतो. हे दुखत नाही, म्हणून कळत नाही. गोळी नियमित घेऊनही प्रेशर उतरत नसेल, तर जेवणातलं मीठ हे शोधण्याच्या पहिल्या जागांपैकी एक आहे.

पाकीट घेताना तीन गोष्टी बघा

१. घटकांची यादी. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी लिहिलेला असतो. "आटा" म्हणून घेतलेल्या पराठ्याच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं असेल, तर तो मैद्याचा पराठा आहे. समोरचं चित्र काहीही असो.

२. सोडियमचा आकडा. ब्रिटनमध्ये १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम असलेल्या खाद्यपदार्थाला लाल रंग देतात आणि १२० मिलिग्रॅमपर्यंत हिरवा. हे दोन आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. मसाल्याचं पाकीट मात्र या मापाने मोजू नका, कारण मसाला आपण चमचाभरच घालतो. तिथे फक्त एवढं बघा की यादीत मीठ आहे का.

३. एका वाढपाचं माप. पाकिटावर "एक सर्व्हिंग" म्हणून जे माप असतं, ते कधी कधी पाकिटाच्या निम्मंच असतं. तुम्ही पूर्ण पाकीट खाणार असाल, तर आकडा दुप्पट करा.

एक सोपा नियम सांगतो. जे सामान तुमचे कष्ट वाचवतं ते घ्या. जे पूर्ण जेवणाचीच जागा घेतं ते क्वचित घ्या. सोललेला लसूण, मोड आलेली मटकी, आंबवलेलं पीठ, लाटलेली पोळी, थापलेली भाकर हे पहिल्या गटात. मसाल्याच्या पुडीसकट येणारे नूडल्स, पाकिटातलं सूप, फ्रोझन तळणीचे पदार्थ दुसऱ्या गटात.

आठवड्यातली पाच जेवणं

सोमवार: दलिया-मूगडाळ खिचडी. दलिया, मूगडाळ, मूठभर फ्रोझन मटार, गाजर, हळद, जिरं. सगळं कुकरमध्ये. सोबत दही. पापड नको, काकडी घ्या.

मंगळवार: मटकीची उसळ आणि विकतच्या पोळ्या. मोड आलेली मटकी बाजारात मिळते. नीट धुवून पूर्ण शिजवा. आधी मसाला घाला, चव घ्या, मगच मीठ घाला.

बुधवार: भाज्या घातलेला उत्तप्पा. तयार पिठात कांदा, टोमॅटो आणि बारीक चिरलेला पालक घाला. पीठ म्हणजे नुसता तांदूळ नको, म्हणून फुटाण्याच्या डाळीची चटणी आणि वाटीभर दही हवंच. पिठात मीठ आधीच असतं का, ते पाकिटावर बघून घ्या.

गुरुवार: सोयावडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर. १०० ग्रॅम कोरड्या सोयावडीत सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं असतात. माणशी ३० ग्रॅम घेतली तरी १५ ग्रॅम मिळतात, आणि तीही स्वस्तात. वड्या गरम पाण्यात भिजवून पिळून घ्या. तयार सावजी मसाला चालेल, पण त्यात मीठ असेल तर वेगळं मीठ शेवटी आणि बेतानेच. तर्रीचा मोह आवरा. चव मसाल्याने येते, तेलाच्या थराने नाही.

शुक्रवार: झुणका-भाकर, टोमॅटो आणि भरपूर सांबार घातलेली कोशिंबीर. भाकर विकतची असली तरी चालते. ओळखीच्या ताईंकडून किंवा बचत गटाकडून घेतली, तर पैसे आपल्याच गावात राहतात.

पाचही जेवणांत काय सारखं आहे ते बघा. प्रत्येकात डाळ, कडधान्य, बेसन किंवा सोया आहे. बहुतेकांत भाजीही आहे. मिठावर तुमचा हात आहे, कंपनीचा नाही. शुगर असणाऱ्यांनी आधी भाजी आणि डाळ खावी, पोळी-भाकर-भात मोजून घ्यावा, आणि शक्यतो झोपण्याच्या दोन-तीन तास आधी जेवण उरकावं.

काही इशारे

सैंधव मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. ते "प्रेशरला चालतं" हा गैरसमज आहे. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनीचा आजार असणाऱ्यांना किंवा प्रेशरच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. किडनीच्या पेशंटने डाळ, सोया आणि टोमॅटोचं प्रमाणही विचारूनच ठरवावं.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तयार पीठ, पनीर आणि दही दुकानातून थेट घरी आणा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. वीज बराच वेळ गेली आणि मटार पूर्ण वितळले, तर ते पुन्हा गोठवू नका. उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. त्यातले काही जंतू असं विष तयार करतात की भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही.

आणि घरातल्या बाकीच्यांसाठी

ही पाचही जेवणं ज्याला कुकर लावता येतो आणि कांदा चिरता येतो, त्या कोणालाही जमतील. तेव्हा पुरुष पेशंटना माझी विनंती आहे: तुमचं प्रेशर तुमचं आहे, तर आठवड्यातली निदान दोन जेवणं तुम्ही करा. पाकीट आणायला गेलात की मागचा तक्ता तुम्हीच वाचा.

पुढच्या तपासणीला याल तेव्हा गोळ्यांच्या पट्ट्यांबरोबर घरात नेहमी येणारी दोन-तीन रिकामी पाकिटंही आणा. पाच मिनिटांत बसून बघू, कोणतं ठेवायचं आणि कोणतं बदलायचं. आणि तोपर्यंत विकतची पोळी ताटात असली, तरी समाधानाने जेवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नका.)