नशिबाचं श्रेय व्यवस्थापनाला नको

डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिचला देऊन टाकलं ते शहाणपणाचंच होतं, असा सूर हल्ली निघू लागला आहे. बास्केटबॉलच्या एका जाणकारांनी तो नुकताच मोठ्या आत्मविश्वासाने लावला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: क्लब हा मालकाचा खासगी धंदा, त्यात चाहत्यांनी नाक खुपसू नये, लुका महागडा होता आणि बचावात कच्चा, आणि अखेर ड्राफ्टमध्ये कूपर फ्लॅगसारखा नवा खेळाडू मिळालाच ना, मग रडगाणं कशाला?

हा शेवटचा युक्तिवाद मला सहन होत नाही. त्यात अपयशालाच दूरदृष्टी म्हटलं आहे.

काय घडलं ते आठवा. जून 2024 मध्ये हा संघ एनबीएची अंतिम फेरी खेळला. आठ महिन्यांत, फेब्रुवारी 2025 च्या सुरुवातीला, त्याने आपला पंचविशीतला सर्वोत्तम खेळाडू लॉस एंजेलिस लेकर्सना दिला. बदल्यात आले 31 वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स ख्रिस्टी आणि 2029 च्या ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, पहिल्या फेरीची एक निवड. बचावाच्या जोरावर अजिंक्यपद मिळतं, असं जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांनी सांगितलं. म्हणजे सौदा जिंकण्यासाठी होता, आणि लगेच जिंकण्यासाठी होता. प्रत्यक्षात डेव्हिस डॅलसकडून पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. मार्चमध्ये संघातला दुसरा मोठा खेळाडू कायरी अर्विंग याचा गुडघा गेला. संघाने 39 सामने जिंकले, 43 हरले, आणि प्लेऑफच्या उंबरठ्यावरच्या प्ले-इनमध्ये मेम्फिसने त्याला बाहेर काढलं. बाहेर पडला म्हणून तो ड्राफ्टच्या लॉटरीत गेला. तिथे पहिली निवड मिळण्याची त्याची शक्यता होती 1.8 टक्के. ती मिळाली आणि फ्लॅग आला.

आता या साखळीत व्यवस्थापनाचं कर्तृत्व नेमकं कुठे आहे? डेव्हिसच्या दुखापतीत? अर्विंगच्या गुडघ्यात? की लॉटरीच्या चेंडूंत? ठरल्याप्रमाणे झालं असतं तर डॅलस प्लेऑफमध्ये असतं आणि फ्लॅग दुसऱ्या कुठल्या तरी शहरात. योजना पूर्णपणे फसली म्हणूनच तो मिळाला. शेताला आग लावल्यावर राखेत मोहरांचा हंडा सापडला, तर आग लावणाऱ्याला शेतीतला तज्ज्ञ म्हणायचं का? लॉटरी त्याच शक्यतेने पुन्हा पुन्हा काढली, तर शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव वेळा हात रिकामे राहतील. निर्णयाची परीक्षा तो घेताना हातात काय होतं यावर करावी लागते, आणि हातात काय होतं तर सलग पाच मोसम लीगच्या पहिल्या पंचकात निवडला गेलेला खेळाडू.

आणि तो विकला कसा, तेही पाहा. बोलणी गुपचूप, एकाच क्लबशी. बाजारात दुसरा कोण किती देईल हे विचारलंच नाही. त्याआधीच्या उन्हाळ्यात ब्रुकलिनने मिकाल ब्रिजेस न्यूयॉर्क निक्सला दिला, तेव्हा पहिल्या फेरीच्या पाच निवडी वसूल केल्या. ब्रिजेस तोवर एकदाही ऑल-स्टार झालेला नव्हता. लुकासाठी डॅलसला मिळाली एक. याला धंदा म्हणत असतील, तर तो धंदा म्हणूनही नापास आहे.

बचावाचं म्हणाल, तर याच कच्च्या बचावाच्या लुकाला घेऊन संघ अंतिम फेरीत पोहोचला होता. महागडा? अव्वल खेळाडूला अव्वल पैसे मोजावे लागतात.

राहिला खासगी मालकीचा मुद्दा. हा वाद जुना आहे. अमेरिकेत क्लब एका शहरातून उचलून दुसरीकडे नेले गेले तेव्हाही हेच ऐकवलं गेलं, आणि आपल्याकडे क्रिकेटपटूंचे लिलाव सुरू झाले तेव्हाही. मालमत्ता त्यांची, तुम्ही कोण? पण 2001 मध्ये उघडलेल्या अमेरिकन एअरलाइन्स सेंटरच्या सुमारे 42 कोटी डॉलर खर्चात साडेबारा कोटी डॅलस शहराचे होते, आणि त्यासाठी 1998 मध्ये नागरिकांनी मतदान केलं होतं. पैसा लागतो तेव्हा क्लब शहराचा आणि प्रश्न विचारले की मालकाचा, हा हिशेब मला मान्य नाही. डर्क नोविट्स्की 21 मोसम या एकाच क्लबसाठी खेळला. त्या निष्ठेवर क्लबने नाव कमावलं. त्याच डर्कच्या पुतळ्याजवळ या सौद्याच्या निषेधाला जमलेल्या माणसांना भावनाविवश म्हणून झटकणं हा कृतघ्नपणा आहे.

मग काय हवं? लुका वयाच्या तेराव्या वर्षी ज्या रिअल माद्रिदमध्ये गेला, तो क्लब सभासदांच्या मालकीचा आहे आणि अध्यक्ष सभासद निवडतात. एनबीएत तसं उद्या होणार नाही. पण सीझन तिकीटधारकांनी निवडलेला एक प्रतिनिधी संचालकांच्या बैठकीत बसू शकतो. वर्षातून एकदा मालक आणि जनरल मॅनेजर प्रेक्षकांसमोर बसून उत्तरं देऊ शकतात. कोणाला विकायचं हे चाहत्यांनी ठरवावं असं मी म्हणत नाही. का विकलं हे त्यांना सांगावंच लागेल, एवढाच माझा आग्रह आहे.

हॅरिसन यांना नोव्हेंबर 2025 मध्ये काढलं, आता विषय संपला, असंही आमचे जाणकार म्हणतील. संपलेला नाही. त्या सौद्याला मंजुरी देणारे मालक अजून तिथेच आहेत.