मातीच्या पत्रिकेत नसलेली नोंद

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात डार्लिंग डाउन्स नावाचा जो विस्तीर्ण मुलूख आहे, तेथील बरीचशी जमीन आपल्या सोलापूर-विजापूरकडील काळ्या जमिनीच्याच जातकुळीची आहे. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात चिकण होऊन पाय धरून ठेवणारी. तेथील शेतकरी ओल साठविण्याच्या हेतूने वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, शेत उघडे ठेवीत, त्यावर तणाची काडीही उगवू देत नसत, आणि मग पेरणी करीत. जमिनीत ओल मुबलक, नत्राचाही साठा चांगला; तरीही अशा शेतात सूर्यफुलाची, मक्याची, हरभऱ्याची रोपे खुरटत, त्यांच्यावर स्फुरद आणि जस्त यांच्या उणिवेची लक्षणे दिसत, आणि ज्या शेतातून नुकतेच पीक निघाले आहे तेथील रोपे मात्र तजेलदार वाढत. विसावा मिळालेली जमीन राबलेल्या जमिनीहून दुबळी निघावी, ही गोष्ट रूढ समजुतीच्या अगदी उलट होती. १९८७ साली जॉन थॉम्पसन या संशोधकाने तिचे कारण दाखवून दिले: दीर्घकाळ जिवंत मूळच न मिळाल्यामुळे, पिकांच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी त्या जमिनीतून क्षीण होत गेली होती.

शेतीविषयक या स्तंभातून खतांविषयी आणि पाण्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या बुरशीविषयी लिहिणे मात्र मागे पडले. कृषी सेवा केंद्रांतून मायकोरायझा या नावाने तिची पाकिटे मिळू लागली असून, तिचे नाव बहुतेक शेतकऱ्यांच्या कानांवरून गेलेले आहे. पण ती पाकिटात येण्यापूर्वीपासूनच आपल्या शेतात नांदत आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते.

ती पाहावयाची तर ज्वारीची बारीक, कोवळी मुळे स्वच्छ धुऊन दाहक पोटॅशच्या द्रावणात तापवावी लागतात, म्हणजे त्यांच्यातील रंगद्रव्य निघून जाऊन ती पारदर्शक होतात. नंतर सौम्य आम्लातून काढून ट्रिपॅन ब्लू नामक निळ्या रंगात काही काळ ठेवली की सूक्ष्मदर्शकाखाली जे दृश्य उलगडते ते पाहणाऱ्याला सहसा विसरता येत नाही. पेशींच्या ओळींमधून निळे तंतू लांबवर धावत गेलेले असतात; मध्येच एखादा तंतू पेशीच्या भिंतीतून आत शिरतो आणि त्याला फांद्या, उपफांद्या फुटत फुटत ती सबंध पेशी झाडासारख्या एका नाजूक आकृतीने भरून जाते. विशेष असे की, हा पाहुणा पेशीचे अंतःपटल फोडीत नाही. ते पटलच त्याच्या प्रत्येक फांदीभोवती दुमडत जाऊन त्याला आपल्यात सामावून घेते, आणि त्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी देवघेव चालते. ही आकृती थोडे दिवस टिकते, मग विरून जाते, आणि रिकामी झालेली पेशी जिवंतच राहून पुन्हा नव्या तंतूला जागा देऊ शकते. अन्यत्र तेलाने भरलेल्या गोल पिशव्या दिसतात. ती बुरशीची शिल्लक.

या देवघेवीचे मर्म स्फुरदाच्या स्वभावात आहे. नत्र पाण्याबरोबर वाहतो. स्फुरद जेथल्या तेथे बसून राहतो, काळ्या जमिनीत चुन्याशी आणि कोकणातल्या जांभ्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधला जातो, आणि मूळ आपल्या भोवतीचा एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा पट्टा शोषून घेऊन झाले की पलीकडच्या साठ्याकडे पाहत उपाशी राहते. मूळरोमांहूनही बारीक असलेले बुरशीचे तंतू तो पट्टा ओलांडून कित्येक सेंटिमीटर दूर जातात, मुळाला ज्यांत शिरकाव नाही अशा सूक्ष्म रंध्रांत शिरतात, आणि तेथील स्फुरद व जस्त मुळापर्यंत आणून पोहोचवितात. मोबदला म्हणून वनस्पती आपण पानांत तयार केलेल्या कर्बाचा सुमारे ४ ते २० टक्के वाटा शर्करा व स्निग्ध द्रव्ये यांच्या रूपाने तिला देते; तो मिळाला नाही तर ही बुरशी जगूच शकत नाही. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या शिलांत, ज्यांना धड मुळेही फुटली नव्हती अशा वनस्पतींच्या पेशींत, हीच झाडासारखी आकृती शिलाभूत होऊन राहिली आहे. आज भूतलावरील सुमारे ७० टक्के वनस्पतिजाती या कराराने बांधलेल्या आहेत. मोहरी, कोबी, पालक, बीट ही मंडळी मात्र त्याबाहेर राहिली. आणि कांद्यासारखे पीक, ज्याची मुळे जाड व विरळ, ते त्यावर इतके विसंबून असते की कोबीच्या मागोमाग कांदा लावणाऱ्याने याचा विचार अवश्य करावा.

स्फुरदाची टंचाई भासली की मूळ मातीत एक अत्यल्प रासायनिक संदेश सोडते, आणि तो मिळताच जवळच्या बुरशीच्या तंतूंना भराभर फांद्या फुटतात, हे जपानी संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. ज्वारीच्या शेतात टारफुला पाहिलेल्या शेतकऱ्याने ही पुढची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: टारफुल्याचे बी वर्षानुवर्षे जमिनीत निपचित पडून असते आणि नेमका हाच संदेश ओळखून रुजते. मित्राला घातलेली साद शत्रूनेही ऐकावी, असा हा प्रकार आहे. आणि तरीही कोट्यवधी वर्षांत वनस्पतींनी ही साद घालणे सोडलेले नाही, यावरून मित्राची किंमत कळते.

या सहजीवनाची शास्त्रीय ओळख प्रथम पटली ती वनवृक्षांच्या निमित्ताने. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाच्या मौल्यवान भूमिगत बुरशीची लागवड वाढवावयाची होती. त्या कामी नेमलेल्या आल्बेर्ट बेर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ साली असा निष्कर्ष मांडला की, वृक्षांच्या मुळांना वेढणारी बुरशी ही रोग नसून पोशिंदी आहे. समकालीनांपैकी अनेकांनी तो झिडकारला. पुढे इंदूरच्या संशोधनसंस्थेत कंपोस्टची प्रसिद्ध पद्धत सिद्ध करणारे सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९४० सालच्या आपल्या ग्रंथात, ह्यूमस आणि पीक यांना जोडणारा दुवा म्हणून या बुरशीचा मोठ्या निष्ठेने पुरस्कार केला. पीक बुरशीला पचवून तिच्यातील प्रथिनांवर पोसते ही त्यांची उपपत्ती टिकली नाही, आणि स्फुरदाचा उलगडा नंतरच्या प्रयोगांनी झाला. परंतु कसदारपणा पोत्यातून आणून ओतता येत नाही, तो जमिनीत जिवंत राखावा लागतो, हा त्यांचा आग्रह मला आजही शिरोधार्य वाटतो.

म्हणूनच पाकिटांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. जेथे माती निर्जीवच आहे तेथे बाहेरून बुरशी आणणे आवश्यक असते. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथे मँगनीजच्या खाणीने उपसून टाकलेल्या उजाड ढिगाऱ्यांवर नागपूरच्याच ‘नीरी’ या संस्थेने साखर कारखान्यांतील प्रेसमड, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि ही बुरशी यांच्या साहाय्याने झाडे जगवून दाखविली, हा त्याचा ठळक दाखला. निर्जंतुक कोकोपीटमध्ये वाढणाऱ्या रोपवाटिकेतील रोपांनाही तोच न्याय लागू. परंतु ज्या शेतात पिके होतात, बांधावर गवत आहे, तेथे ती मुळात असतेच. तिला मारक ठरणारी वहिवाट तशीच चालू ठेवून वर पाकीट विकत घेणे, यात शेतकऱ्याचा पैसा जातो आणि हाती क्वचितच काही लागते. डीएपीची मात्रा सढळ झाली की वनस्पती स्वतःच या पाहुण्याला दार बंद करते; ट्रॅक्टरने वारंवार खोल नांगरट केली की तंतूंचे जाळे तुटते; आणि शेत दीर्घकाळ मुळांवाचून राहिले की काय होते ते क्वीन्सलँडने दाखविलेच आहे. रब्बी ज्वारीसाठी खरिपात रान मोकळे ठेवण्याची आपली रीत तितकी दीर्घ नाही, आणि ओलीसाठी ती समर्थनीयही आहे. तिने भयभीत होण्याचे कारण नाही. मात्र जेथे पाऊस साथ देतो तेथे मूग, उडीद किंवा मटकीचे एखादे अल्पमुदती पीक मध्ये घेणे, आणि तणनाशकाने बांधही बोडके न करणे, एवढे तरी करता येण्याजोगे आहे.

शासनाकडे माझे मागणे याहून लहान आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्मद्रव्ये असे बारा रकाने आहेत. योजना उपकारक आहे, तिच्यामुळे अंदाजपंचे खत टाकण्याच्या सवयीला आळा घालता येतो. परंतु मुळांशी नांदणाऱ्या जिवाची नोंद त्या दप्तरात कोठेच नाही. राहुरी, परभणी, अकोला व दापोली येथील कृषी विद्यापीठांनी प्रत्येक महसूल मंडळातून, पीक फुलोऱ्यात असताना, ज्वारीची वा तुरीची मुळे नमुन्यादाखल घ्यावीत आणि त्यांच्या शंभर तुकड्यांपैकी किती तुकड्यांत बुरशी आढळली, एवढा एकच आकडा लिहून ठेवावा. तो काही हंगाम सलग नोंदला गेला, तर कोठे स्फुरदाची मात्रा आवरती घेऊन पाहता येईल आणि कोठे जमीन आतून रिती होत चालली आहे, याचा अंदाज कृषी खात्याला बांधता येईल. खर्चाची सबब पुढे येण्याचे कारण नाही: सूक्ष्मदर्शक कृषी महाविद्यालयांत आहेत, पोटॅश आणि रंग यांना फारसे मोल पडत नाही, आणि निळा तंतू ओळखणारा डोळा पदवीच्या विद्यार्थ्याला थोड्या सरावाने कमावता येतो.